टोचन करून आणलेली मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मधली ती बातमी मराठवाड्यात फार कुणी विसरलं नसेल. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक-व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा ६५ कोटींच्या आसपासचा. स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं. आपला भाग मागास नाही हे जगाला दिसावं, असा त्यामागचा सूर होता. त्याच डिसेंबरात पी. साईनाथांनी ‘द हिंदू’त लिहिलं, की मर्सिडीजला सात टक्के आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी चढा दर, हा कुठला न्याय?

माझं परतूरला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं आणि त्या सगळ्यांपेक्षा जाड उधारीची वही. त्या लेखाचं कात्रण मी गल्ल्यासमोरच्या काचेखाली सरकवून ठेवलं आणि गिऱ्हाईक रिकामं दिसलं की त्याला अर्थ सांगू लागलो. सांगता सांगता मत घट्ट होत गेलं. मोठी गाडी म्हणजे दिखावा. आणि जुनी मोठी गाडी म्हणजे दिखावा करून दमलेल्या माणसाच्या गळ्यातली धोंड. तिला पेलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात नसतो, तिचा साधा स्क्रू शहराशिवाय मिळत नाही, तिला हात लावला की घर बसतं. सरळ भंगारात घालावी.

या मताचा पहिला भाग अजून जागेवर आहे. त्या सात टक्क्यांचा राग मला आजही येतो. बदललं ते पुढचं सगळं.

गावाबाहेर एक जिनिंग होतं. कापसाच्या चांगल्या दिवसांत त्या घरानं एक मर्सिडीज घेतली होती, १९९६ सालची. मर्सिडीजनं भारतात गाड्या जोडायला १९९५ मध्ये सुरुवात केली ती पुण्याजवळ पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, आणि पहिलं मॉडेल होतं डब्ल्यू-१२४. त्यातलीच ही ई-२५० डिझेल. पुढं जिनिंग बसलं, थोरले शेठ गेले, आणि गाडी रुईच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. वर कापसाची धूळ, खाली सपाट टायर, सीटमध्ये उंदरांचा संसार. धाकट्या मुलाकडं माझी बी-बियाण्याची जुनी उधारी होती. तो एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, “काका, पैसे काही निघत नाहीत. गाडी घ्या आणि हिशोब मिटवा.”

मी मनात वजन केलं. चौदाशे किलोच्या आसपास लोखंड-पत्रा, वर इंजिनाचे वेगळे पैसे. उधारी फिटत होती. हो म्हटलं.

“पण काका,” तो जरा थांबून म्हणाला, “रात्री न्या.”

त्यानं हे का म्हटलं ते तेव्हा मला नीटसं कळलं नाही. रात्री दहा-साडेदहाला ट्रॅक्टर घेऊन गेलो. मागची दोन्ही चाकं जाम. ब्रेकचे कॅलिपर गंजून डिस्कला चिकटलेले. हातोडीनं ठोकून ठोकून ते सोडवले, टायरांत हवा भरली, साखळी लावली. धाकटा शेडच्या दाराशी उभा होता, पण बाहेर उजेडात आला नाही. टोचन करून गाडी निघाली. बसस्टँडजवळच्या टपरीवर रात्रीच्या एसटीची वाट बघत बसलेली चार माणसं होती, तेवढी पुरली. सकाळी दुकान उघडायच्या आत गावभर झालं होतं: शेठची मर्सिडीज टोचनवर गेली.

त्या घरानं ती आधीच का विकली नाही? त्यांना गिऱ्हाईक मिळालं असतं, चालू असताना तर चांगलं मिळालं असतं. पण दारातली मर्सिडीज विकली की लोक म्हणणार, शेठ बसला. म्हणून विकायची नाही. आणि चालवायची तर खर्च, तोही गुपचूप करायचा. म्हणून चालवायचीही नाही. नुसती उभी ठेवायची, शेडचं दार अर्धं उघडं ठेवून, म्हणजे येणाऱ्याला बॉनेटवरची मर्सिडीजची चांदणी दिसावी. गाडीला सगळ्यात वाईट काय, तर उभं राहणं. चालत्या गाडीचं रबर, तेल, सील, सगळं आपापल्या कामात राहतं. उभ्या गाडीत डिझेल नासतं, ब्रेक चिकटतात, ऑइल सील सुकून तडकतात. हे मला त्यानंतर कळत गेलं.

भंगारवाल्याची अट होती की इंजिन वेगळं काढून द्या. म्हणून चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे आमच्या गावचे ट्रॅक्टरचे जुने मिस्त्री. पाने घेऊन आले, बॉनेट उचललं, आणि बाजूचा खटका शोधून ते आणखी वर ढकललं. ते सरळ उभं राहिलं, भिंतीसारखं, काटकोनात. डब्ल्यू-१२४ चं बॉनेट तसं उघडतं, दोन टप्प्यांत. चाचा दोन्ही बाजूंनी फिरून आले. कुठं हात अडत नव्हता, कुठलं झाकण काढावं लागत नव्हतं. मग त्यांनी इंजिनाच्या कुशीतल्या पंपावरची धूळ फडक्यानं पुसली.

“शेठ, हा तर मायको हाय.”

मायको म्हणजे बॉशची भारतातली कंपनी, मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये सुरू झालेली. २००८ मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं, पण आपल्याकडं ट्रक-ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाला अजून मायकोच म्हणतात. या गाडीचा पंप जर्मन बॉशचा, पण घराणं तेच. एका ओळीत बसवलेले पंपाचे दट्टे, इथं पाच, कारण इंजिन पाच सिलिंडरचं, अडीच लिटरचं. चाचांनी असले पंप आयुष्यभर पाहिले होते. नोजलकडं जाणाऱ्या लोखंडी नळ्या त्यांनी बोटांनी मोजल्या आणि म्हणाले, “हे काढायचं नसतंय. हे चालू करायचं असतंय.” मग म्हणाले, त्यांचे वडील ट्रकवर होते, ते मर्सिडीज ट्रकालाच म्हणायचे.

ते खरंच होतं. टेल्कोचा आणि डायमलर-बेन्झचा करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा. तोवर जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकांवर टाटा-मर्सिडीज नाव आणि पुढं तीन टोकांची चांदणी असे. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि टाटांचा टी आला. म्हणजे माझ्या वडिलांच्या वयाच्या ड्रायव्हरांना ती चांदणी ओव्हरलोड माल घाटातून काढणारी म्हणून माहीत होती. तिचा श्रीमंतीशी संबंध आमच्या पिढीत जोडला गेला.

मी काही लगेच विरघळलो नाही. चालू इंजिनाला भंगारवाल्यापेक्षा बरा भाव येईल, एवढंच माझं गणित. म्हटलं, करा चालू.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद सापडला. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा वर्कशॉपचा अंदाजपत्रकाचा. गाडी सकाळी सुरू होत नाही, सुरू झाली की बंद पडते, अशी तक्रार. उपाय: इंजेक्शन पंप बदलणे. पुढचा आकडा बघून मला माझ्या मताचा पुरावाच हाती लागल्यासारखं झालं. हाच तो कागद, ज्याच्यामुळं गाडी शेडमध्ये गेली. कागद चाचांना दाखवला. त्यांनी वाचला नाही, खिशात घातला आणि टाकीखाली शिरले.

टाकीचं बूच काढलं तर आधी पाणी आलं, मग काळपट चिकट जेली. डिझेलमध्ये पाणी उतरलं की दोघांच्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढतात, त्याची ती घाण. टाकीच्या तोंडाशी असलेली जाळी त्यानं पुरती बुजली होती. दोनदा धुऊन तिसऱ्यांदा स्वच्छ डिझेल निघालं. नवा फिल्टर, नवी बॅटरी, हीटर प्लग तपासले. सेल्फ मारला. इंजिननं धरलं, थरथरलं, सगळीकडं पांढरा धूर केला आणि गेलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

“आता इकडं बघा,” चाचा म्हणाले. या इंजिनाच्या डिझेलच्या काही नळ्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात, पेनाच्या रिफिलएवढ्या नव्हे, जरा जाड. त्यांनी टॉर्च धरला. नळीतून डिझेल येत होतं आणि डिझेलबरोबर बुडबुडे. बारीक बारीक, एकामागं एक. “एअर धरतीय. पंपाला काय झालंय? पंप तोंड उघडून बसलाय, त्याला पाजणारे नीट नाहीत.” नळ्यांच्या जोडावर ओरिंग असतात. वर्षानुवर्षं गरम होऊन ते दगडासारखे झाले होते. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. पण हवा आत शिरत होती. गाडी रात्रभर उभी राहिली की नळ्यांतलं डिझेल मागं टाकीत उतरायचं आणि सकाळी पंप कोरडा.

चाचांनी पहिल्यांदा आपल्याकडच्या पंपसेटचे काळे ओरिंग बसवले. गाडी सुरू झाली, आम्ही चहा मागवला. काही आठवड्यांत ते डिझेल पिऊन फुगले आणि बुडबुडे परत आले. मग जालन्याला एमआयडीसीत गेलो. तिथल्या सळईच्या कारखान्यांना हायड्रॉलिकचं सामान पुरवणारी दुकानं आहेत. डिझेलला दाद न देणाऱ्या व्हिटॉन रबराचे ओरिंग तिथं मापानं मिळाले. मूठभर ओरिंगांचं बिल एका साध्या जेवणाएवढं झालं.

त्या वर्कशॉपला मी खोटं ठरवत नाही. कंपनीच्या पद्धतीनं काम करणारा माणूस टॉर्च धरून बुडबुडे बघत बसत नाही. तो अख्खा भाग बदलतो, कारण त्याला हमी द्यायची असते आणि तासाचे पैसे मोजायचे असतात. नव्या गाडीच्या मालकाला ते परवडतं. पण जुन्या मोठ्या गाडीची किंमत घसरून मोटारसायकलीवर येते आणि तिच्या नव्या भागांची किंमत मात्र मोठ्या गाडीचीच राहते. या दोन आकड्यांच्या मधल्या खड्ड्यात असल्या गाड्या पडून असतात. चाचांकडं वेळ होता आणि त्यांना भाग बदलायची सवयच नव्हती. ट्रॅक्टरवाल्याकडं पेरणीच्या आठवड्यात नवा पंप कुठून येणार? जे आहे तेच चालू करायचं, हाच त्यांचा धंदा.

इंजिन चालू झालं, तर चावी काढल्यावर बंद होईना. चावी माझ्या हातात आणि गाडी मजेत धडधडतेय. मी घाबरलो. चाचांनी आत हात घालून पंपावरची दांडी दाबली तेव्हा गप्प झालं. या इंजिनाला थांबवायला व्हॅक्यूम लागतो. व्हॅक्यूमचं एक रबरी कोपर तडकलं होतं, तेवढंच. उरलेली कामं सांगण्यासारखी नाहीत: ब्रेक, होज, टायर, उंदरांनी खाल्लेल्या वायरी, मागच्या सीटखालचा वास, जो अजून पावसाळ्यात येतो.

वायपरचं मात्र सांगतो. या गाडीला पुढं एकच वायपर, मधोमध. तो नुसता अर्धवर्तुळ फिरत नाही. कोपऱ्याकडं जाताना लांब होतो, मध्ये येताना आखडतो, परत लांब होतो. त्यामुळं काचेचा ८६ टक्के भाग एकटा पुसतो. आतल्या दातेरी चाकांचं ग्रीस वाळून मेण झालं होतं. ते खरवडून नवं भरलं आणि दुकानासमोर पाणी मारून वायपर चालू केला, तर गिऱ्हाइकं बियाणं सोडून बघत उभी राहिली.

काही सामान मात्र जालन्यालाही मिळेना, म्हणून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. मी जरा भारदस्त आवाजात म्हणालो, मर्सिडीजचा कॅलिपर पाहिजे. दुकानदारानं मानही वर केली नाही. “बॉडी कुठली? इंजिन?” एकशे चोवीस, पाच सिलिंडर डिझेल, म्हटल्यावर पोराला हाक मारली आणि ढिगातून दोन कॅलिपर माझ्या पायाशी आणून टाकले. निवडा. त्या गल्लीत मर्सिडीज हे एका मापाचं नाव होतं. गावात ज्या चांदणीपायी एका घरानं वर्षानुवर्षं शेडचं दार अर्धं उघडं ठेवलं, तिला तिथं भंगाराच्या भावापलीकडं काही किंमत नव्हती, आणि तिच्याखालच्या यंत्राला पुरेपूर होती. परतीच्या गाडीत कॅलिपर पिशवीत घेऊन बसलो तेव्हा मर्सिडीज विकायचा विचार मनात येईना. जाणवलं एवढंच, की चालू इंजिनाला काय भाव येईल हे मी बरेच दिवस कुणाला विचारलेलं नाही.

नंतर वाचत गेलो. डब्ल्यू-१२४ जगभरात २५ लाखांहून जास्त निघाल्या. जर्मनीत तिची मोठी ओळख टॅक्सी म्हणून. तिकडच्या टॅक्स्यांना १९७१ मध्ये फिकट हस्तिदंती रंग ठरवून दिला होता, आणि त्या रंगातली डिझेल मर्सिडीज हे तिथल्या स्टेशनाबाहेरचं रोजचं दृश्य असे. मोरोक्कोत हिच्या आधीच्या मॉडेलच्या गाड्या गावोगावच्या वडापासारख्या कित्येक वर्षं सवाऱ्या भरून पळाल्या. लाखो किलोमीटर राबावी आणि रस्त्याच्या कडेला उघडता यावी, अशाच हिशोबानं केलेली गाडी. आपण तिला उभी करून ठेवली.

कागदांचं काम जालन्याच्या आरटीओत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते, आणि ही तर कधीच संपलेली. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५ हजार झाली होती, वर उशिराचे महिन्याला ५०० आणि राज्याचा पर्यावरण कर. माझं पासिंग झालं त्यानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी १० हजार केली. पुढच्या वेळी ती भरावी लागेल. या फीबद्दल कुरकुर करायला मी बसलेलो नाही. गाडी धूर करते. थंडीत सकाळी सुरू करताना तर लपवता येणार नाही एवढा. २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि ही गाडी त्या सगळ्या पायऱ्यांच्या आधीची. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत उतरू लागल्या. तिकडची हवा वाचवायला त्यांचा धूर आमच्याकडं यावा, हे मला पटत नाही. म्हणून मी ही रोज काढत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी जालना, कधी आष्टीमार्गे माजलगाव. रोजच्या कामाला मोटारसायकल आहे.

एकूण खर्च भंगारवाल्यानं देऊ केलेल्या रकमेच्या चौपटीच्या आसपास गेला. तरी कागदावरच्या त्या एकट्या पंपाच्या आकड्यापेक्षा कमी.

एक तोटा मी धरलाच नव्हता. ती दुकानासमोर उभी राहू लागल्यापासून उधारी निघेनाशी झाली. “शेठ, तुम्हाला काय कमी आता?” असं हसत हसत सांगून लोक पुढची तारीख देतात. एकानं गल्ल्यावरचं कात्रण वाचलं, बाहेर गाडीकडं पाहिलं, आणि विचारलं, “तुम्हाला किती टक्क्यांनी दिली?” मी त्याला उधारी, भंगार, ओरिंग सगळं सांगितलं. त्याला पटलेलं दिसलं नाही. बायको तर म्हणते, “अहो, या गाडीतून मी माहेरी गेले तर भाऊ म्हणायचा, दाजींनी बियाण्यात चांगलंच कमावलंय.” ती चांदणी काढून टाकावी असं एकदा मनात आलं होतं. चाचा म्हणाले, काढू नका, बॉनेटला भोक राहतं, पाणी जातं.

धाकटा दिवाळीत भेटायला आला. गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवला, इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाला, बाबांच्या वेळेस असाच यायचा. मी चावी पुढं केली, तर नको म्हणाला. जाताना दारातून मागं वळला. “काका, गाडी तुमचीच आहे. फक्त आमच्या घरावरून नका नेऊ.” मी नेत नाही. मागच्या रस्त्यानं जातो, थोडा वळसा पडतो.

राहिलं आहे ते एसीचं. कॉम्प्रेसर जाम आहे आणि बाकीच्या नळ्याही बदलाव्या लागतील. कुर्ल्याचा माणूस कॉम्प्रेसर देतो म्हणतोय, पण चाचा बधत नाहीत. त्यांचं म्हणणं, काचा खाली करा, जर्मनीत एसी कुणाला लागतो? बायकोचं म्हणणं, परतूरच्या मे महिन्यात एसी नसेल तर मर्सिडीज असून उपयोग काय, त्यापेक्षा एसटी बरी. दोघांचं ऐकून मी देवगिरीचं तिकीट काढून ठेवलं आहे. चाचांना अजून सांगितलेलं नाही.